बँकॉकचे सहाशे पॉइंट

१२ जून १९८६, गुरुवार

बँकॉक! आरमोरीच्या आपल्या दुकानातून थेट बँकॉक — तेही फुकट!

कंपनीचा साहेब दुपारी जीपनं आला होता. धानावरच्या औषधाची नवी योजना. लिटरचा एक डबा विकला की एक पॉइंट. सप्टेंबरअखेर सहाशे पॉइंट झाले की विक्रेत्याला पाच दिवस बँकॉकची सहल. विमानानं जाणं, विमानानं येणं, राहणं, खाणं, सगळं कंपनीचं. रंगीत कागद ठेवून गेला. त्यावर विमान आणि हात जोडून हसणारी एक बाई.

एकोणीस वर्षं झाली, पोरांना भूगोल शिकवतो. जपानचे ज्वालामुखी, ब्राझीलची कॉफी, सगळं तोंडपाठ. आणि स्वतः? नागपूर. एकदा वर्धा, तेही वरातीत. पत्रू मास्तर कलकत्त्याला जाऊन आला तर दोन वर्षं स्टाफरूममध्ये तेच दळण दळत होता. आता बघ म्हणावं!

बायको सत्यशीला डबे लावत होती. तिला सांगितलं. म्हणाली, 'तिथी आपल्या बुद्धाले मानतेत ना जी?' मी म्हटलं, देश थायलंड, राजधानी बँकॉक, मुख्य पीक तांदूळ. 'मंग आपल्यासारखेच असतीन लोकं,' म्हणाली आणि पुन्हा डबे लावू लागली. बायकांना काय त्याचं!

२९ जून

योजनेचा फॉर्म भरला. कृषी केंद्राचा परवाना हिच्या नावावर आहे, म्हणून सही हिची घेतली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला धंदा करता येत नाही. त्यामुळे कागदावर मालक ही, खरा मालक मी. यात गैर काय? पत्रू मास्तरचं किराणा दुकान बायकोच्या नावावर, मुख्याध्यापकांची पिठाची चक्की सासूच्या नावावर.

सही करायच्या आधी हिनं अख्खा फॉर्म वाचला. मागची बाजूसुद्धा. मी म्हटलं, अगं सही कर, परीक्षा आहे का!

१७ जुलै

शाळा सुटल्यावर दुकानात बसलो. इतवारी आला. कुरखेड्याकडे जंगलातल्या गावात याच्या चार बांध्या, धानाची लहान खाचरं. हातात धानाचं पिवळं पडलेलं पान. मी लगेच दोन डबे काढून काउंटरवर ठेवले.

तेवढ्यात ही मागून आली. पान उलटंसुलटं करून पाहिलं. 'दवाई नोको मारू, इतवारीभाऊ. बांधीतलं पानी काहाड. चार दिवस सुकू दे. अन् कोळी दिसले तं त्याईले मारू नोको, तेच किडे खातेत.'

आणि तो गेला! रिकाम्या हातानं! दोन पॉइंट चालत चालत एसटी स्टँडकडे गेले आणि मी पाहत बसलो.

जेवताना बोललोच. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतं का कोणी? म्हणाली, 'येईन ना तो परत.' कशाला येतो झक मारायला!

११ ऑगस्ट

१८८. कसं होणार?

२१ ऑगस्ट

इतवारी आला! सोबत त्याच्या गावचे सात जण. खोडकिडा लागला. 'बाई, आता मारू का?' बाईंनी पाहिलं, आता मारा म्हणाल्या. किती पाण्यात किती औषध, वारा कुठून हवा, तोंडाला फडकं बांधा — अर्धा तास व्याख्यान. अकरा डबे गेले.

मागच्या आठवड्यात मी दुकानासमोर बोर्ड लावला होता, 'येथे सर्व किडींवर खात्रीशीर उपाय', माझ्या हस्ताक्षरात. परिणाम दिसतोच. इतवारीला वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

९ सप्टेंबर

मी देव मानत नाही, पण तुडतुडे देवासारखे धावून आले! दुकानापुढे सायकली, बैलगाड्या. कोण कुठून आलेले! ही सकाळपासून जेवली नाही. मीही थकलो, सारखे पॉइंट मांडावे लागतात. ४३९.

लोकांचं धान जळून राह्यलं आणि मी खुशीत, हे काही बरं दिसत नाही. पण तुडतुडे मी पाठवले नाहीत.

३० सप्टेंबर

६१७!!!

शाळेत कोणाला सांगताही येत नाही. आठवीच्या पोरांना थायलंड शिकवला. दोनदा. अभ्यासक्रमात नाही.

४ नोव्हेंबर

कंपनीचं पत्र आलं. 'श्रीमती सत्यशीला सोमाजी रामटेके यांचे हार्दिक अभिनंदन. आपली एक जागा निश्चित करण्यात आली आहे.'

श्रीमती. एक जागा.

पुन्हा वाचलं. पाकीट फाडून आत पाहिलं, दुसरा कागद चिकटला असेल म्हणून. नव्हता.

६ नोव्हेंबर

रजा टाकून नागपूरला साहेबाकडे गेलो. साहेब दिलदार माणूस. म्हणाला, मालकाच्या ऐवजी दुसरा कोणी आला तरी चालेल. 'फक्त स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, की दुकान प्रत्यक्षात तुम्ही चालवता. मालकीणबाईंची सही, तुमची सही. झालं!'

झालं! शिक्षकानं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की मी धंदा करतो! म्हणजे इकडून विमान उडणार आणि तिकडून नोकरी. साहेब माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी चहा पिऊन उठलो.

७ नोव्हेंबर

हिला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ द्या मग, कोणीच नको.

म्हणाली, 'मी देतो ना सही. आत्ता देतो. तुमी देता का?'

मी पेपर उघडला.

'मंग मी जाऊ का?'

बाजारात जाऊ का, असं विचारावं तसं! मी म्हटलं, तू? एकटी? विमानात? भाषा कोणती येते तुला? तर म्हणे, 'तुमाले कोनती येते?' आणि म्हणाली, 'मलेबी पाहावं वाटते जी. तुमीच तं सांगता, जग लय मोठं हाये म्हणून. मी काऊन पाहू नोको?'

पंधरा वर्षांत हिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती — लोखंडी कपाट. ते अजून घ्यायचं आहे.

८ नोव्हेंबर

जेवलो नाही.

९ नोव्हेंबर

जेवलो. वांग्याची भाजी होती. जा म्हटलं.

१६ डिसेंबर

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार येऊन गेला. दारातून ओरडून विचारतो, 'बँकॉकले कोन चाल्लं?' अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, 'रामटेके, बायकोले एकटी पाठवता?' मी छाती पुढे काढून म्हटलं, कंपनीच्या साहेबांची बायको सोबत आहे, आणि आम्ही जुन्या विचारांचे नाही. काय बोललो!

खरं काय ते इथे लिहितो. काळजीबिळजी काही नाही. मी जळून राह्यलो! आतून-बाहेरून जळून राह्यलो! बायकोवर जळणारा माणूस जगात दुसरा कोणी असेल का? असेल तर त्याला भेटायचं आहे.

१८ जानेवारी १९८७, रविवार

गेली. नागपूरपर्यंत एसटी, पुढे मुंबई रेल्वेनं. तिथली हवा उष्ण व दमट असते हे बजावून सांगितलं, तरी स्वेटर घेतलाच. विमानात थंडी वाजते म्हणे! हिला कोणी सांगितलं? पांढरी साडी, हातात नवी बॅग. एसटी सुटताना डोळे भरून आले. माझे. ती खिडकीतून ओरडून सांगत होती, चाव्या कुठे आहेत ते.

२१ जानेवारी

दुकान एकट्यानं सांभाळून राह्यलो. हरभऱ्यावर घाटेअळी आली आहे, म्हणजे गिऱ्हाईक तुटून पडायला हवं. नऊ जण आले.

'बाई कुठी गेल्या जी?'

बँकॉकला.

'कवा येतीन?'

मंगळवारी.

'मंग मंगळवारी येतो.'

अरे, मी आहे ना! 'नाई जी गुरुजी, तुमाले काहाले तरास.' शिक्षकाबद्दल केवढा आदर या लोकांच्या मनात!

विक्री : फवारणी पंपाचा एक वायसर.

२४ जानेवारी

नागपूरच्या पेपरात फोटो! 'आरमोरीच्या महिला कृषी विक्रेत्या निघाल्या परदेशी.' विमानतळावर पंधरा-वीस माणसं आणि मधोमध ही. दात दाखवून हसते आहे. घरी अशी हसल्याचं मला आठवत नाही. फोटो कापून ठेवला.

२७ जानेवारी, मंगळवार

आली! स्वेटर विमानात कामी आला, हे पहिलं वाक्य.

मग ऐकत बसलो. ढगांच्या वर नुसतं ऊन असतं. झोपलेल्या बुद्धाची सोन्याची मूर्ती एवढी लांब, की पायापासून डोक्यापर्यंत जाता जाता हिचं त्रिशरण म्हणून झालं. बाकीच्या विक्रेत्यांना बाजारात जायची घाई आणि हिनं बस थांबवून एका बांधीत उतरून पाहिलं! तिथल्या बाईनं धानाचं बूड दाखवलं — तुडतुडे! 'आपलेच जी, अस्सेच!' दोघींनी खुणा करून अर्धा तास गप्पा मारल्या. साहेबाची बायको हॉर्न वाजवायला सांगत होती.

मी विचारलं, विमानातून आपलं आरमोरी दिसलं का? म्हणाली, 'ते तुमच्याच नकाशात दिसत नाई, वरून का दिसते!' आणि हसली, फोटोतल्यासारखी. मग मीही हसलो. राग राहिला नाही. थोडा राहिला.

५ फेब्रुवारी

मेलो! माझ्याविरुद्ध तक्रार गेली आहे. 'सदर शिक्षक पत्नीच्या नावावर खासगी व्यवसाय चालवतात.' सोबत पेपरातला फोटो जोडला आहे. तक्रार निनावी आहे, पण शुद्धलेखन पत्रू मास्तरचं. स्वतःच्या किराण्याला विसरला!

सोमवारी विस्तार अधिकारी चौकशीला येणार. सिद्ध झालं तर नोकरी गेली. एकोणीस वर्षं, पेन्शन, सगळं.

७ फेब्रुवारी

खुलासा लिहिला. 'या दुकानाशी माझा काहीही संबंध नाही.' धडधडीत खोटं, माझ्या सहीनं! पोरांना खरं बोला म्हणून सांगतो मी! हिनं वाचलं. कागद पाकिटात घालून दिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

अधिकारी दिवसभर दुकानात बसले. स्टॉकबुक पाहिलं, पावत्या पाहिल्या. बाजाराचा दिवस, म्हणून शेतकरी पुष्कळ. बावीस जणांचे जबाब घेतले. मला लांब, पिंपळाखाली उभं केलं होतं. काय विचारतात, काय सांगतात, काही ऐकू येत नव्हतं. इतवारी सगळ्यात जास्त वेळ बोलला. हातवारे करून करून काय सांगत होता कोण जाणे!

२ मार्च

सुटलो!!!

'बावीस साक्षीदारांच्या जबाबांवरून व दप्तरावरून सदर शिक्षकाचा दुकानाशी कोणताही संबंध आढळून आला नाही. तक्रार निकाली.'

बावीसच्या बावीस! एकाच्याही तोंडून माझं नाव निघालं नाही. कोणी शिकवलं नाही, कोणी पढवलं नाही. ही गरीब माणसं साहेबासमोर चळाचळा कापतात, आणि माझ्यासाठी एकजात खोटं बोलली! वाचताना घळाघळा रडलो. आयुष्यात आणखी काय कमवायचं असतं माणसानं? एकेकाचे आभार मानायला हवेत. सुरुवात इतवारीपासून.

३ मार्च

इतवारीला स्टँडवरच्या हॉटेलात नेलं. भजी, चहा. त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, बाबा, माझ्यासाठी तू साहेबासमोर खोटं बोललास, जन्मभर विसरणार नाही.

त्याला समजेचना. म्हणाला, 'खोटं कोन बोललं जी? साहेबानं पुसलं, दुकान कोन चालवते. मी म्हटलं, बाई.' मग भजं मोडत अगदी मायेनं विचारलं, 'काऊन गुरुजी, तुमीबी दुकानात काई काम करता का?'

पी म्हटलं, चहा थंड होऊन राह्यला.