अर्धवट उतरलेली फाईल

मंगळवार संध्याकाळ, तळेगाव

डाउनलोड झालेली फाईल मूळ फाईलशी जुळते का, हे तपासणारा माझा कोड सरांनी गेल्या महिन्यात काढून टाकला. म्हणे, "उगाच वेळ खातो." आज कुसगावच्या हॉटेलात, क्लायंटसमोर, फाईल अर्धवटच उतरली आणि प्रोग्राम बंद पडला. तर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हिचं काम कच्चं आहे." कच्चं!

घरी आल्या आल्या तपासणी परत घातली आणि नवा प्रोग्राम सरांना पाठवला. आत्ता सरांचा हॉटेलातून फोन. "अगं, फाईल तिसऱ्यांदा उतरवली, तरी 'फाईल अपुरी आहे' असंच येतं, प्रोग्राम चालूच होत नाही. उद्या परत दाखवायचंय. तेवढी तपासणी काढ ना."

तिथलं वायफाय कसं सारखं तुटतं, ते मला माहीत आहे. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "कच्चं काम नको ना, सर. चौथ्यांदा उतरवा."