साच्यांची चाल

आबा,

गेल्या रविवारी मुलुंडला जाऊन आले, तुमच्या ड्रमवाल्या काकांकडे. ऐंशी उलटली त्यांची. मुलाच्या ब्लॉकमध्ये खिडकीपाशी बसून असतात. कानांनी पूर्ण साथ सोडलीय, पण जेवण व्यवस्थित आहे आणि स्वभावही तसाच, आपलं तेच खरं करणारा. सूनबाईंनी फोन करून बोलावलं होतं. म्हणाल्या, सारखी तुमच्या वडिलांची आठवण काढतात, एकदा येऊन जा. तिथे जे झालं, त्यामुळे आज कागद घेऊन बसलेय. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. तुम्ही असतानाही आपण काही फार बोलत नव्हतो. हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही हेही मला कळतं. तरी लिहितेय, आणि मुलुंडचं शेवटी सांगेन. आधी बाकीचं सगळं नीट आठवून बघायचंय.

असल्फ्याच्या डोंगरावरची आपली खोली आठवते. पुढे तुमची खाट, मागे आईचा स्टो आणि मोरी, मधे साडीचा पडदा. तुम्ही परळच्या गिरणीत साचेखात्यात. कापड विणायचे ते साचे मी कधी पाहिले नाहीत, पण त्यांचा आवाज तुम्ही रोज घरी घेऊन यायचात. म्हणजे असं, की तुम्ही हळू बोलूच शकत नव्हतात. मीठ मागितलं तरी शेजारी कळायचं. शेकडो साचे एकदम चालू असले की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही सगळे विणकर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचात. ती सवय घरीही जायची नाही. आई पाठ करून काही बोलली की तुम्ही चिडायचात, "तोंड हय करून बोल." आणि असा हा अर्धवट ऐकू येणारा माणूस संध्याकाळी खाटेवर बसून बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारख्या चाव्यांचा तो लांबट बेंजो, डाव्या हाताने चाव्या, उजव्या हातात तारा छेडायची नखी. तारा लावताना तुम्ही हनुवटी त्याच्या लाकडावर टेकवायचात आणि डोळे मिटायचात. कानाला नाही कळलं तर हाडाला कळतं, असं म्हणायचात.

तुमच्या बेंजो पार्टीचा तेव्हा केवढा दबदबा होता. पुढे तुम्ही, मागे ड्रमवाले काका, तेही तुमच्याच खात्यातले, शिवाय एक ढोलकी आणि एक खुळखुळा. हळदी, वराती, गोविंदा, गणपती, सुपारी घेऊन माणसं डोंगर चढून यायची. सिनेमातली चाल तुम्ही अशी काही पळवायचात की मूळ गाण्याला धाप लागावी. खालच्या गल्लीतले एक मालवणी आजोबा मला नळावर गाठून सांगायचे, "तुझो बापूस वाजवूक लागलो काय माझे पाय माझे रवनत नाय." घाटकोपरच्या गुजराती लग्नांतूनही बोलावणं यायचं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मोहनथाळ असायचा. मी तेव्हा शाळेत तोऱ्यात चालायचे. बेंजोवाल्याची मुलगी म्हटलं की भाव होता.

मग संप झाला. त्याबद्दल लिहायला नको, तुम्हाला माहीतच आहे सगळं. आधी वाटलं महिन्याभरात मिटेल, मग दिवाळी गेली, मग कुणी त्याबद्दल बोलेनासं झालं. तुम्ही साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागलात. घरी आलात की हाताला ग्रीसचा वास यायचा. डोंगरावरचे बाकीचे विणकर कुणी वॉचमन झाले, कुणी भाजी विकायला बसले, कुणी गावी जाऊन तिकडेच राहिले. तुमचा बेंजो तेव्हापासून बदलला. पळणाऱ्या चाली तुम्ही वाजवायचात, पण मधेच हात सैल पडायचा आणि काहीतरी स्वतःचंच सुरू व्हायचं, संथ, एकाच जागी घोटाळणारं. लोकांना ते लगेच खटकलं. गोविंदाला एकजण ओरडला, "काय यार, पार्टीची वाट लागली." एका गुजराती लग्नात नवऱ्यामुलाचे काका हात जोडून पुढे आले, "काका, जरा फास्ट वगाडो ने, बधा बेसी गया." खरंच सगळे बसले होते, आईस्क्रीम खात होते. नळावरचे आजोबा तर मला बघून मान फिरवायचे. शेवटी एकदा न राहवून म्हणाले, "तुझ्या बापाशीक इचार, मयताक बोलावतंस काय आमका?" मी तुम्हाला विचारलं नाही. तुमच्या चेहऱ्यावरून वाटायचं, तुम्हाला सगळं कळतंय, फक्त तुम्ही मुद्दाम ओठांकडे बघत नाही आहात.

त्या वर्षी गणपतीच्या आधी काका रोज संध्याकाळी येऊ लागले. खाटेवर तुम्ही, खाली जमिनीवर ते, समोर उपडा डबा. तुमचं दोघांचं काहीतरी शिजत होतं. काका काठ्यांनी डब्यावर एक ठेका धरायचे, दोन जड, एक हलका, मधे किंचित अडखळून पुन्हा दोन जड. तुम्ही मान हलवायचात, नाही, धोटा परत येतो तेव्हा असं नाही होत. ते पुन्हा वाजवायचे. धोटा म्हणजे साच्यात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, एवढं मला ठाऊक होतं. मग एके दिवशी तुमच्या दोघांच्याही चेहऱ्यावर एकदम हसू आलं, आणि तुम्ही त्या ठेक्यावर एक नवी चाल धरलीत. तिथून पुढे विसर्जनापर्यंत घरात तेवढंच चाललं. मी पडद्यामागे भाकऱ्या थापायला शिकत होते आणि आई म्हणायची, अगं ठेक्यात थापतेस की, भाकरी फाटेल. तुमच्या डोक्यात काय होतं ते मला आता कळतं. तुम्ही काकांना एकदा म्हणाला होतात, साच्यावर उभं असताना आपले पाय हलायचेच ना रे, तेच पाय रस्त्यावर हलतील. आपल्या माणसांना त्यांचाच आवाज परत द्यायचा, गणपतीसमोर, सगळ्यांच्या देखत. वर्षभरात मी तुम्हाला तेवढं खुश पाहिलं नव्हतं.

आता आपण मिरवणुकीत आहोत. गणपती पवईच्या तलावाकडे निघालाय, ऊन अजून आहे. डोंगरावरची झाडून सगळी माणसं आलीत, ज्यांच्या घरी चूल धड पेटत नाही तीही इस्त्रीचे शर्ट घालून. सुरुवातीला तुम्ही नेहमीच्या चाली वाजवताय आणि लोकांना वाटतंय, आला बाबा जुना माणूस परत. नळावरचे आजोबा टोपी हवेत उडवताहेत. साकीनाक्याच्या पुढे रस्ता जरा मोकळा होतो, तिथे तुम्ही काकांकडे बघता. काकांच्या काठ्या पडतात, दोन जड, एक हलका, आणि तुमची चाल सुरू होते. मी बायकांच्या घोळक्यात आहे. आम्हाला ती आवडते, आम्ही नाचतोय, पोरंही नाचताहेत. आणि पुढची पुरुषांची रांग थांबते. एक एक करून नाही, सगळी मिळून. आजोबांचा एक हात वर आहे, तो तसाच वर राहतो. कुणी खाली बघतं, कुणी दुकानांच्या पाट्यांकडे. एकजण फुटपाथवर जाऊन बसतो आणि तोंडावर रुमाल धरतो. थोड्या वेळाने आम्हा बायकांच्याही लक्षात येतं आणि आमचे पाय आपोआप थांबतात. आमच्यात गिरणीची माणसं कोण ते त्या दिवशी मला रस्त्यावर उभं राहून कळलं. जे थांबले होते ते.

तुम्ही वाजवतच राहिलात. मला वाटतं, तुम्हाला वाटलं असेल की अजून थोडं ऐकलं तर नाचतील. मग आजोबा तुमच्यापाशी आले आणि तोंड तुमच्याकडे करून, सावकाश, प्रत्येक अक्षर ओठांनी दाखवत म्हणाले, "बंद कर ता. आमी हय नाचूक इलंव, रडूक नाय." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. साचेखात्यात बोलायचे तसे ते बोलले, आणि तुमच्याकडून एकही शब्द सुटला नाही. तुम्ही नखी खिशात ठेवलीत. तलावापर्यंत मग काका एकटेच साधा ठेका वाजवत राहिले.

घरी आल्यावर तुम्ही हातपाय धुऊन खाटेवर बसलात. मी पाणी आणून दिलं आणि म्हटलं, "आबा, मस्त होती चाल. मी नाचले." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तुका काय कळला त्यातला?" एवढंच बोललात, तेही हळू आवाजात, आणि तुम्ही हळू बोललेलं मी आयुष्यात तेवढंच ऐकलं. आई मागून म्हणाली, पोरीवर कशाला काढताय. मी पडद्यामागे जाऊन बसले. मला खूप लागलं ते. तुम्हाला ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यात मी नव्हते, हे त्या वयातही मला बरोबर समजलं.

पुढच्या वर्षी मंडळाने मुलुंडची दुसरी पार्टी ठरवली. त्यांच्याकडे कीबोर्ड होता, आवाज कसा झकास, नुसतं बटण दाबलं की ताल सुरू. अध्यक्ष स्वतः सांगायला आले, वाईट वाटून घेऊ नका म्हणाले, चहा पिऊन गेले. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मला जास्त आठवते. विसर्जनाला फार दिवस झाले नव्हते, एका दुपारी ते फुटपाथवर बसलेले गृहस्थ आपल्या दारात येऊन उभे राहिले. चप्पल काढेनात, आत येईनात. मग म्हणाले, ती चाल जरा वाजव ना. नंतर दुसरे एकजण आले. आणि एक दिवस आजोबाही आले, काठी टेकत, डोंगराची तेवढी चढण चढून. रस्त्यात चारचौघांत त्यांना ते सहन झालं नव्हतं, पण एकट्याने बसून ऐकायचं होतं. तुम्ही प्रत्येकाला एकच उत्तर दिलंत, "रस्त्यार नको झाली, आता घरात कित्याक व्हयी?" आजोबा उंबऱ्यावर थोडा वेळ बसले आणि गेले.

मला तुमचा राग येतो, आबा. अजून येतो. त्यांना ती चाल नको होती म्हणून ते थांबले नव्हते. ती अगदी बरोबर जमली होती म्हणून थांबले होते. त्यांना रडायचं नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा. तुम्हाला ते कळलं नाही, किंवा कळूनही तुम्ही हट्ट धरलात. माणसं दारात येऊन मागत होती आणि तुम्ही बेंजोला खोळ घालून तो कपाटावर ठेवलात. पुन्हा ती चाल कुणी ऐकली नाही. टेपही कुणी केली नव्हती, त्या वेळी कुणाला करावीशी वाटणार. काही वर्षांनी आजोबा गेले. गिरणीच्या जागेचं काय होणार यावर लोक भांडत होते तेव्हा तुम्हीही गेलात. तुमच्या मयताला डोंगरावरचे सगळे विणकर आले होते. नुसते उभे होते.

तर मुलुंड. काकांनी मला ओळखलं, बसवलं, माझा चेहरा नीट दिसावा म्हणून खुर्ची उजेडाकडे फिरवायला लावली. मग दोन बोटांनी टेबलावर वाजवायला लागले, दोन जड, एक हलका, मधे तेच किंचित अडखळणं. अगदी तसंच. म्हणाले, "ठेको माझ्याकडे आसा. चाल खंय गेली ती गावत नाय. तू रोज आयकलंस गे, तू म्हण." मी म्हटलं, काका, तुम्हाला ऐकू कुठे येतं. ते त्यांनी ओठांवरून ओळखलं आणि हसले. "तू म्हण. मी बघतंय."

सूनबाई चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. काकांची बोटं चालू होती आणि डोळे माझ्या तोंडावर होते. मी तोंड उघडलं. त्यांच्या ठेक्यावर ओठ हलवत राहिले, मधेच मान डोलावली, तुम्ही डोलवायचात तशी. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हीच," ते म्हणाले, "हीच ती गे." मी थांबले नाही, ते थांबेपर्यंत थांबले नाही.

आबा, माझ्या तोंडातून आवाज येत नव्हता. कोण कुठे थांबलं, कोण काय बोललं, सगळं मी धरून ठेवलंय. तुमची चाल मला आठवत नाही.