टाकी भरलेली, काटा तळाला

वाडी, ता. पाटोदा
१६ जानेवारी २००४

प्रिय शिवकन्या,

तुझ्या वाटणीचा तिळगूळ मी डब्यात काढून ठेवला होता, पण मुंग्यांनी आधीच तोंड गोड करून घेतलं. कालपासून मी एकटीच हसत सुटले आहे. सासूबाईंना वाटतं, हिला काहीतरी बाधलं. पत्र लांबेल. उसाच्या फडावर मोळ्या वाहून दमली असशील, तरी शेवटपर्यंत वाच; रागानं मध्येच चुलीत घालू नकोस.

इकडे पाण्याची बोंबच आहे. टँकर चौथ्या दिवशी येतो, घराला दोन घागरी. अर्धी जनावरं छावणीत आहेत, तरी आपल्या महिला दूध संस्थेत थोडंबहुत दूध येतंच. वीज मात्र नेमकी धारांच्या वेळी जाते, मग दूध थंड ठेवायचं ते जनरेटरवर. तू गेल्यापासून जनरेटर माझ्याकडे आहे. एवढं धूड आपल्या एका हातानं धडधडायला लागतं ना, तेव्हा लई भारी वाटतं बघ.

तर झालं असं. सोमवारी भगवानरावांनी स्वतः जनरेटरची डिझेलची टाकी भरली. सचिव झाल्यापासून त्यांचा माणसांपेक्षा कुलपावर जास्त भरवसा. टाकीच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली करदोड्याला! मंगळवारी सकाळी मी जनरेटरची चावी फिरवली, तर डिझेलचा काटा पार तळाला. भगवानराव मागंच उभे होते. "छबे, रातीतून डिझेल कुटं इकलंस?" असं सगळ्यांपुढं विचारलं. कुलूप जागच्या जागी, किल्ली त्यांच्या कमरेला, आणि चोर मी! गुरुवारच्या बैठकीत मला काढायचं, हेही त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. काम गेलं तर दुसरं मिळेल, पण चोर म्हणून गावात राहायचं कसं?

बुधवारी दुधाच्या टेम्पोत बसून पाटोद्याला हरिबा मिस्त्रीकडं गेले. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, काटा काय टाकीत बसून सांगत न्हाई. टाकीत एक पोकळ पितळी डबी तरंगती, ती सांगती त्येला." मग खरी खोट कुठं आहे ते कसं शोधायचं, हे त्यानं मला दोनदा करून दाखवलं.

गुरुवारी मी बैठकच जनरेटरपाशी भरवायला लावली. आधी कुलूप उघडायला लावलं आणि टाकीत तुरीची एक लांब वाळकी तुराटी घातली. वर काढली तर जवळजवळ तोंडापर्यंत ओली! बाया टाळ्या पिटायला लागल्या. पण भगवानराव कसले गप्प बसतात? म्हणाले, "डिझेल इकून पानी वतलं असंल हिनं!" त्यावर बायांतल्या बायनाबाई कंबरेवर हात ठेवून उठल्या. "आरं, प्यायला पानी न्हाई गावात, अन् ही टाकीत वतंल व्हय? तसं असंल तर आमीच पिऊन घेतो ती टाकी!" हसून हसून बायांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, तेवढं टँकरलाही येत नाही.

मग मी हरिबाची विद्या बाहेर काढली. टाकीवरची वायर सोडून टाकीच्या लोखंडाला टेकवली, तर काटा टुणकन वरच्या टोकाला. म्हणजे काटा चांगला आणि वायरही चांगली. मग झाकणाचे पाच स्क्रू काढून डबी वर घेतली आणि संस्थेच्या अध्यक्षीण वत्सलाबाईंच्या कानाशी हलवली. त्या दचकल्याच. आत डिझेल डुचमळत होतं! डबी बैठकीच्या चहासाठी ठेवलेल्या आधणात बुडवली, तशी सांध्यातून बुडबुडे आले, पंक्चरवाल्याच्या घमेल्यात येतात तसे. डबी फुटकी. आत थोडंथोडं डिझेल शिरून ती बुडत गेली आणि काटा खाली खाली येत गेला. आज कल्हईवाल्याकडून डाग देऊन आणली, काटा शहाण्यासारखा वर बसलाय. चहा मात्र कुणाला मिळाला नाही.

पण शिवकन्या, बुडबुडे बघून सगळ्या हसत असताना वत्सलाबाईंनी हळूच विचारलं, ही डबी गळायला कधी लागली असेल? आणि एकदम सगळ्यांना तूच आठवलीस. कारण गेल्या दिवाळीआधी काटा रोज थोडा कमी दाखवायचा, तेव्हा या जागेवर तू होतीस. तुला चोर ठरवून काढलं, तू कोयता उचलून निघून गेलीस, आणि त्या बैठकीत मी खाली मान घालून बसले होते. तू डिझेल विकलंस, असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. तरी बोलले नाही, कारण तुझ्यानंतर हे काम मला मिळणार होतं. कुणी मला विचारलंच नाही, असं मी तीन महिने स्वतःला सांगत आले. काल ठराव झाला: शिवकन्या निर्दोष, तिचं काम तिला परत. मी माझ्या तोंडानं मांडला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. मी आपली दूध मोजीन, कोपऱ्यात बसून तुझा जनरेटर ऐकीन. पुढच्या रविवारी वत्सलाबाई टेम्पो घेऊन तुला आणायला येतायत. सोबत भगवानरावही आहेत, तुझी माफी मागायला. वाटेत पळू नयेत म्हणून बायनाबाई त्यांच्या शेजारी बसणार आहेत. पण पहिली माफी त्यांची नको, माझी असावी, म्हणून हे पत्र त्यांच्याआधी धाडलं.

तुझीच, तीन महिने गप्प बसलेली,
छबू