शेजारणीचा टाका

४ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाळंतपणाची रजा संपली आणि गेल्या आठवड्यापासून पुन्हा कारखान्यात शिवायला बसले. तुझ्या भाच्याला आम्ही सगळे बटण म्हणतो, रडताना तोंड तेवढंच गोल करतो म्हणून.

पहिल्याच दिवशी दुपार व्हायच्या आत ब्लाउज ओला. वाटलं, आता दुधाच्या पावडरीच्या डब्याला शरण जावं. पण तू इथे शिवायला होतीस तेव्हा पाडलेली रीत अजून चालू आहे. सासूबाई बटणला घेऊन गेटवर येतात, मी वॉचमनच्या खोलीत बसून पाजून येते आणि तेवढ्यात माझ्या वाटच्या कॉलरी शेजारच्या मशीनवरची बडबडी शिवून ठेवते. तिच्याशी मी कधी धड बोललेसुद्धा नव्हते. तिचं म्हणणं, तिच्या दोन्ही मुलांच्या वेळी ओळीतल्या बायकांनीच निभावलं, आता तिची पाळी. सगळ्या जणी तुझं नाव काढतात आणि मी बहीण म्हणून फुकटचा मान मिरवते.

आमच्या ओळीवर सुपरवायझर म्हणून आता आपल्या वहिनीच आल्या आहेत. दादाची बायको, म्हणजे माझी चैन, असं बायकांना वाटतं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

बटणचा एक ओला पापा घे आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

१३ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वाचून जीव भांड्यात पडला. अंगावरचं तोडू नकोस. दूध कमी वाटलं तरी घाबरून डबा उघडायचा नाही, बाळ जितकं ओढतं तितकं येतं. बडबडीला माझा नमस्कार सांग आणि तिची बडबड मुकाट ऐकून घे, तेवढी फेड पुरे.

माझा थोरला झाला तेव्हा मीच सगळ्यांना गोळा करून ही रीत पाडली. तोवर कुणाला सुचलंच नव्हतं. वहिनी माझ्याच शेजारी बसून शिवायच्या, त्यांना हे सगळं ठाऊक आहे. घरचं माणूस वर असताना काळजी कसली करतेस? तुझा स्वभावच मुळी नसती विघ्नं शोधण्याचा.

बटणला गालगुच्चा. आमची आठवण ठेव, उत्तराला आळस नको.

तुझी ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

विघ्न मी शोधलं नाही, ते चालत आलं. वहिनींनी टाका ओळखला. बडबडीचा टाका शेवटी जरा डावीकडे झुकतो, तिला शिकवलं वहिनींनीच. माझ्या गठ्ठ्यात त्यांना तो दिसला. त्या ओरडल्या नाहीत. ज्याचं काम त्याने करायचं, एवढंच म्हणाल्या आणि बडबडीला ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

आता मी उठले की मशीन बंद, आणि पुढच्या सगळ्या जणी खोळंबतात. काल सासूबाई उन्हात ताटकळून परत गेल्या. मला खिडकीतून बटणचं टोपडं दिसत होतं. दादाकडे गेले, तर बायकांच्या भानगडीत तो पडत नाही म्हणे. घरी पाजायला घेते तेव्हा दूध कमी आणि बटणचा राग जास्त.

ताई, तूच वहिनींना लिही. तुझा शब्द त्या मोडणार नाहीत. लवकर लिही, एवढी माया कर.

तुझी धाकटी

२८ ऑगस्ट

सौ. वन्संना स. न. वि. वि.

पत्र पोचलं. धाकटीला गेटवर सोडावं आणि घरच्या माणसाने असं वागू नये, असं आपण लिहिता.

रीत आपण पाडलीत, खरं आहे. पण ती आपल्या थोरल्याच्या वेळी. त्याआधी माझी मुलगी झाली होती. दुपारी माझा ब्लाउज भिजायचा, तेव्हा आपण म्हणायचात, वहिनी, इथे पाऊस कुठून आला. ओळ हसायची. मी नवी, मीही हसायचे. एकदा धीर करून विचारलं, माझे एवढे तुकडे शिवाल का. आपण म्हणालात, ज्याचं काम त्याने करायचं. माझी मुलगी बाटलीवर वाढली.

ज्याचं जळतं त्याला कळतं. आपल्याला कळलं तेव्हा आपल्या कॉलरी शिवणाऱ्यांत मी होते, हेही आपण विसरला असाल.

वरून मालाची घाई आहे, असं कारण देता आलं असतं. ते खोटं झालं असतं. धाकटीचं पोर पाहून मला वाईट वाटतं, पण हात पुढे होत नाही.

मुलांना आशीर्वाद. लोभ जेवढा उरला असेल तेवढा असू द्यावा.

आपली वहिनी

१७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. वहिनींना लिहिलंस का, त्या काय म्हणाल्या, काहीच कळवलं नाहीस. आता नाही कळवलंस तरी चालेल. दूध गेलं. बटण बाटली दोन्ही हातांनी धरतो, अंगाने भरलाय, सासूबाई खूश आहेत. उगीच रडत होतीस, असं सगळे म्हणतात. तो बाटलीकडे हात करतो तेव्हा मला अजून रडू येतं.

बडबडीच्या जागी एक नवी मुलगी आली आहे. तिचीही रजा नुकतीच संपली. काल तिचा ब्लाउज ओला झाला. वहिनी गोदामात होत्या, बघायला कुणी नव्हतं. तिने हळूच विचारलं, गेटवर जाऊन येते, तेवढ्या माझ्या कॉलरी शिवाल का.

माझं काम हातावेगळं झालं होतं. मी म्हटलं, ज्याचं काम त्याने करायचं. आणि सुईत दोरा ओवायला लागले. तो आधीच ओवलेला होता.

कुणाला सांगावं म्हणून तुला लिहिते. माझ्या जागी तू असतीस तर तिचं काम ओढून घेतलं असतंस. रागाव, पण मला टाकू नकोस.

तुझी धाकटी