हुकाला टांगलेलं इंजिन

रविवार, २ फेब्रुवारी
खताच्या दुकानाने भेट दिलेल्या या डायरीबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. रविवारला अर्धंच पान. ज्या वारी माणूस लिहायला मोकळा, त्याच वारी जागा तोकडी. यावर लातुरात अजून एकही मोर्चा निघालेला नाही.
संकल्प : दारातली वडिलांची फियाट, १९८३ची, तीन आठवड्यांत चालू करणे. इंजिन जाम आहे. नांदेडच्या भंगारात तसलंच वापरलेलं मिळतंय. वारसा जपला पाहिजे. जानेवारीत जमिनीतून दोनदा गडगड झाली, तिचा याच्याशी संबंध नाही. मात्र गाडी दारात तयार असली, की वॉकरवर चालणारी आई दोन मिनिटांत मोकळ्या मैदानात.

बुधवार, ५ फेब्रुवारी
मी ज्याचा वार्ताहर आहे त्या पेपरला बातमी पाठवली : ‘आवाज निरुपद्रवी, नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’ अंगणात, फाटकाजवळच्या खाटेवर बसून लिहिली. हल्ली झोपतोही तिथेच. मोकळी हवा. वर्षाराणी म्हणाली, अहो, एवढ्या थंडीत कसली हवा खाऊन राहिलात? संसारात आरोग्यशास्त्राला किंमत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
इंजिन आलं, पोत्यात गुंडाळून. मेकॅनिक रामलिंग देवणीचा. बोलतो कमी, हसतो त्याहून कमी. त्याने आत बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, चालंल. पण कुटवर चालंल ते मला इचारू नका, सर.
पहिला शब्द महत्त्वाचा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
इंजिन उचलायचं कशाला टांगून, यावर वाद. रामलिंग म्हणतो, लोखंडी घोडी भाड्याने आणू. मी पोर्चच्या स्लॅबमधला हुक दाखवला. घर त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचं. इंजिनिअरने सांगितली त्याच्या दुप्पट सळई वडिलांनी घातलेली. पाहुण्यांना चहाआधी आम्ही सळईच सांगतो. रामलिंगने वर पाहिलं आणि म्हणाला, स्लॅब हत्ती पेलंल वो. हुक पाळण्याचा हाय.
कारागिरांना शास्त्र कमी, शंका फार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी ७
पहाटे पुन्हा गडगड. मी शांत होतो. फाटकाची कडी रात्रीच काढून ठेवतो, ती दूधवाल्याच्या सोयीसाठी.
आईचा सराव घेतला : खोलीपासून गाडीपर्यंत. सहा मिनिटं वीस सेकंद. वाटेत एकदा तुळशीला पाणी घालायला थांबली. म्हटलं, वेळ आली तर मी तुला उचलून नेईन. ती म्हणाली, गव्हाचं पोतं उचललंस का कधी?
उचललेलं नाही. पण आई म्हणजे पोतं नव्हे.

शनिवार, १५ फेब्रुवारी
जुनं इंजिन बाहेर. हुकाने काम चोख केलं. रामलिंगला शास्त्र दाखवून दिलं. तो म्हणाला, हुक जरा उघडलाय. बघितलं. किंचित नम्र झालाय, एवढंच.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, दुपारी १
नवं इंजिन साखळीवर, बॉनेटच्या उंचीला. रामलिंग म्हणाला, जेवायच्या आधी खाली टेकवू. म्हटलं, पुन्हा कोण चढवणार? जेवून ये, राहू दे तसंच. तो गेला, जाताना सगळ्यांना पोर्चमध्ये जायची बंदी करून. फारच भित्रा.

मंगळवार, संध्याकाळी ६
दोन वाजून दहा मिनिटांनी हुक सरळ झाला. इंजिन फरशीवर. जमीन हादरली, मांडणीतली भांडी वाजली आणि अख्खी गल्ली धावत मैदानात. शेजारचे दयानंदराव अंगाला साबण, कमरेला टॉवेल. कुणीतरी लेकराला कवटाळून रडत होतं. रामलिंग हात न धुताच फाटकातून ओरडत होता, इंजिन हाय, इंजिन पडलंय. लोकांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या आणि घरी गेले. इंजिनाचा तळ फुटला. पोर्चभर काळं तेल. कुणाला इजा नाही.
दयानंदराव म्हणाले, सर, आम्ही आलो तर तुम्ही आधीच उभे.
होय. इंजिन पडलं त्या वेळी मी आईच्या खोलीत होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घालत होतो. एका डोळ्यात घालून झाले होते. बाटली मैदानात माझ्या हातात होती.
परत आलो तेव्हा वर्षाराणीने तिला वॉकरसकट दारापर्यंत आणलं होतं. आई पलंगावर बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, दुसरा डोळा राह्यलाय रे.
थेंब घातले. एक गालावर गेला.
इंजिन टांगलेलं मला ठाऊक होतं. आवाज कशाचा, हे सगळ्या गल्लीत मलाच पहिल्यांदा कळायला हवं होतं. तरी पळालो, आणि पळताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरोखर भूकंप झाला तर मी पुन्हा तसाच पळेन, याची मला भीती वाटते.