बंगळूर, दोन तास

देवळी, ४ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षित यास मंजुषाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मीटिंगचं सांगून मला तोडतोस, म्हणून वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवते आहे. पानाला मध्येच तोडता येत नाही.

आईच्या डोक्यातली गाठ वाढली. डॉक्टर म्हणाले, फार तर आठ दिवस. ती सारखी तुझ्या नावानं हाका मारते. मी तिला समजावलं की तू विमानानं दोन तासांवर आहेस. तिथंच चुकलं. आपल्याकडे कपाशीच्या ओळीलाही तास म्हणतात, हे मी विसरले. तिला वाटतं, तू दोन ओळी सोडून कापूस वेचतो आहेस. उशीवरून मान उचलून म्हणते, "हर्षित, इतक्या जवळून आयकू नाई येत काय रे?"

गावोगावच्या सभा गाजवणारी मी, तिची उशी सारखी करून 'येतोय' एवढंच म्हणते. निघ.

अजून तुझ्यावर माया असलेली,
ताई

बंगळूर, ६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र लिहितेस की सभा घेतेस? घाबरू नकोस. नागपूर कुठं लांब आहे? हजार-अकराशे किलोमीटर, पावणेदोन तासांचं उड्डाण. शनिवारी काम संपलं की बसतोच. भाऊजींना नमस्कार. राग नसावा, लोभ असावा.

तुझा
हर्षित

देवळी, ७ नोव्हेंबर

चि. हर्षित यास आशीर्वाद.

हो, सभाच घेते आहे. श्रोता एकच, तोही पळपुटा.

पावणेदोन तासांचं कौतुक मला ऐकवू नकोस. तुझ्या घरून विमानतळ दोन तास, तिथं बसून दोन, नागपूरहून देवळी दोन. आठ तासांत माणूस आईजवळ येतो. तू अडीच वर्षांत आला नाहीस. हे अंतर कुठल्या नकाशावर आहे, दाखव मला. आपल्या बायका पायी रानात जातात, तेव्हा शेत जवळ की लांब असं विचारत बसत नाहीत. जायचं असतं, म्हणून जातात.

खरं कारण लिही.

ताई

बंगळूर, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

आज विमानतळावर गेलतो. बॅग तपासून झाली, रांगेत उभा राहिलो, आणि परत आलो.

ताई, आधी खरंच कामं आड येत होती. पण पोळ्याला आपण व्हिडिओवर बोललो, तेव्हा तू चहा ठेवायला उठलीस. तेवढ्यात आईनं मला विचारलं, "तुमी कोनाचे?" मी फोन ठेवला. तुला सांगितलं, रेंज गेली.

ती ज्याला हाका मारते तो तिच्यासोबत कापूस वेचणारा बारा वर्षांचा पोरगा आहे. मी समोर येऊन उभा राहिलो तर तिला परका माणूस दिसेल. कसा येऊ, तूच सांग. मले काही सुचून नाई राह्यलं.

तुझा
हर्षित

देवळी, १० नोव्हेंबर

चि. हर्षित यास,

सांगितलंस, बरं केलंस. फार उशिरा सांगितलंस.

काल दुपारनंतर तिचा आवाज बसला. नुसता हात गादीवर चाचपडत होता. जन्मभर मी व्यासपीठावरून खोट्यावर आसूड ओढले. काल तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आई, हर्षित आला." आणि तुझ्या भाऊजींचा हात तिच्या हातात दिला. तिनं एकेक बोट चाचपून पाहिलं, मूठ मिटली आणि तिचं चाचपडणं थांबलं.

ती आता कुणाची वाट पाहत नाही. तिच्यापुरता तू आलेला आहेस. तिला तुझा चेहरा ओळखायचा नाही, डोळे ती उघडतच नाही. मग भीती कशाची?

भाऊजी कालपासून जागचे हलले नाहीत. हात सोडवू गेलं की ती कण्हते. त्यांच्या जागी येऊन बस.

ताई