दारात पुढे केलेले हात

प्रिय बारके,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोनवर आपण दोघं दुसऱ्याच वाक्याला भांडतो, म्हणून लिहायला बसलो. तुझा लेक माझ्याकडे आहे. घाबरू नकोस, सुखरूप आहे, माझा फ्रीज रिकामा करतोय. मित्रांबरोबर फिरायला जातो असं त्याने तुला सांगितलं आणि तू ते मानलंस, याचं मला नवल वाटलं. तुझ्यापुढे आमची एकही थाप कधी पचली नव्हती.

इथलं काही बघवत नाही. अणुवीज प्रकल्प बंद झाल्यापासून कॉलनीत संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवे लागतात. शाळेला कुलूप आहे. न्हाव्यानेही दुकान गुंडाळलं, त्यामुळे सध्या माझे केस तुझा लेक कापतो आणि ते तसेच दिसतात. बंद प्रकल्पात तू रोज जाऊन करतोस तरी काय, असं तू मागे विचारलं होतंस. अगं, अणुभट्टी बंद झाली तरी वापरून झालेलं इंधन पाण्याच्या खोल हौदात ठेवलेलं असतं, आणि ते वर्षानुवर्षं तापतच राहतं. पाणी थंड ठेवायला पंप अखंड चालावे लागतात. आम्ही उरलेली चार डोकी त्या हौदाची राखण करतो. एकेकाळी शहरंच्या शहरं उजळणारं आमचं धूड आता पंपांसाठी बाहेरून वीज घेतं, आणि ती येते तुझ्या शहरातल्या कोळशाच्या केंद्रातून. तुझ्या इस्पितळातल्या वॉर्डात आलेली पोरं ज्या धुराने धापा टाकतात, त्याच धुराच्या विजेवर आमचा हौद थंड राहतो. हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग मी ताट बाजूला सारलं.

बाबा प्रकल्पातल्या पाळीवरून यायचे ते आठवतं? बाहेर पडण्याआधी तिथे प्रत्येकाला यंत्रात हातपाय ठेवावे लागतात. अंगाला किरणोत्सर्ग चिकटलेला नाही असं दिसलं की हिरवा दिवा लागतो आणि सुटका होते. बाबांनी ती तऱ्हा घरी आणली. खेळून आलं की आपण दारात उभं राहायचं, हात पुढे करायचे, उलटसुलट दाखवायचे, आणि ते साहेबी चेहरा करून म्हणायचे, साफ! मगच आत. तू चिखलाचे हात पाठीमागे लपवायचीस आणि तरी तुला साफ मिळायचं. हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही.

बाबांनाही कायम हिरवाच दिवा लागला. तरी त्यांचं रक्त बिघडलं. प्रकल्पामुळे असेल, नसेलही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. निदान कोणाला शिव्या द्यायच्या एवढं तरी कळायला हवं होतं. ते गेले त्या दिवशी तू माझ्याकडून वदवून घेतलंस की तुझ्या मुलाला मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकू देणार नाही. मी शब्द दिला, पण तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं. इतकी वर्षं वीज दिली आणि आभाळाला काजळी लागू दिली नाही, हे थोडं आहे का, असं मी तावातावाने म्हणायचो. तू म्हणायचीस, धूर कधीतरी विरेल रे, तुमचा तो हौद मात्र नातवंडांना राखत बसावा लागेल. मी तुला भित्री म्हणालो होतो. आता हौदाच्या काठावर उभा असतो तेव्हा तुझं ते बोलणं डोक्यातून जात नाही.

कारण तुझा लेक त्याच हौदावर नोकरीला आलाय. तुला न सांगता परीक्षा दिली, निवडही झाली. सोमवारी रुजू व्हायचंय. मी खूप आदळआपट केली, तुझी शपथ घातली. त्याने तुझ्यासारखंच शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मामा, तुम्ही मागे ठेवलंय ते कोणीतरी सांभाळायला नको का? आई पोरांच्या छात्या सांभाळते, मी हे सांभाळेन. खरं सांगू, मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्यासाठी भीतीही.

आता जे लिहितोय ते त्यालाही ठाऊक नाही. त्याला मिळालेली जागा माझी आहे. माझ्या रक्ताचा अहवाल आला, बाबांचंच दुखणं. डॉक्टर नवा आहे, तरुण आहे, पण बोलला तेच: असेल, नसेलही. पुढच्या आठवड्यात मला इस्पितळात दाखल व्हायचंय. पोराला हे सांगितलं तर तो कदाचित माघारी फिरेल, आणि मग हौदाकडे बघायला माझ्याहून म्हातारे तिघेच उरतील. न सांगता आत पाठवला तर तुला तोंड कसं दाखवू? काल तो बाजारातून आला, पिशव्या खाली ठेवल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबून दोन्ही हात पुढे केले. तू ज्या प्रकल्पाचं नाव काढू देत नाहीस, तिथला हा खेळ तू तुझ्या घरी चालू ठेवलास हे मला माहीतच नव्हतं. बाबांसारखा आवाज काढून साफ म्हणायला गेलो, पण शब्दच फुटेना. तो तसाच हात पसरून हसत उभा होता. बारके, सोमवारच्या आत ये. त्याला काय सांगायचं ते तू ठरव, मला धीर होत नाही.

तुझाच,
दादा